चाचा आणि बैलांचा साज

तहसील कचेरीतून तणतणत बाहेर पडलेल्या माणसाचा फोटो चाचा काढत नसत.

असा कुणी पासपोर्ट साइजच्या फोटोसाठी जिना चढून वर आला, की चाचा कॅमेऱ्याला हात न लावता नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. मग विचारायचे, "आत्ता कुणाला भेटून आलात?"

"कुणाला म्हंजी? क्लार्कला! उद्या या म्हणाला."

"मग खाली जावा. च्या घ्या. वळखीच्या माणसाशी दोन शब्द बोला, आन् मंग या."

"अहो चाचा, मला आत्ता पायजेल फोटो."

"आत्ता काढला तर क्लार्कचा येईल. माणसाच्या तोंडावर शेवटचा भेटलेला माणूस बसलेला असतो. त्याला उठवून या."

काही जण शिव्या घालत समोरच्या नव्या स्टुडिओत जायचे. काही जण खरंच खाली जाऊन चहा पिऊन यायचे. त्या दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे फोटो मी पुढे बऱ्याच कागदांवर पाहिले. शिरूर तालुक्यात सरकारी कागदावर जी थोडी माणसं माणसांसारखी दिसतात, ती बहुतेक चाचांनी चहाला पाठवलेली असावीत.

त्यांचा स्टुडिओ धान्याच्या दुकानावर होता. खालून ज्वारी-बाजरीचा भुसा उडत वर यायचा आणि वर फोटो धुवायच्या औषधांचा आंबूस वास. चाचा उंच, पाठीत किंचित वाकलेले. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून घट्ट. एप्रिल-मे महिन्यातही ते बटण सुटलेलं मी पाहिलं नाही. घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिरूरचं. आजोबा भांड्यांना कल्हई लावायचे. चाचा म्हणायचे, "कल्हई लावली की पातेल्यात माणसाला त्याचं तोंड दिसायचं. आजोबांचाच धंदा हाय हा. मी फकस्त पातेलं बदललं." फोटोग्राफी ते दौंडला शिकले होते, रेल्वेच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्याकडे. त्या उस्तादाचा विषय निघाला की बसल्या जागी जरा सावरून बसायचे.

फ्लॅशचा त्यांना मनापासून राग होता. "इज कडाडल्यावर कुणाचं तोंड चांगलं दिसतं का?" असं म्हणून ते खिडकीची एक फळी उघडायचे, दुसरी लावायचे, पुन्हा पहिली अर्धी ओढायचे. बसलेला माणूस कंटाळून जायचा. तो पुरता कंटाळला आणि आपण इथे कशाला आलोय हे विसरला, की चाचा हळूच म्हणायचे, "हां. आता इसरा मला." आणि खटका दाबायचे.

लग्नाची कामं मात्र त्यांना पुढे पुढे मिळेनाशी झाली, आणि त्यात दोष लोकांचा नव्हता. लोकांना नवरानवरी, आहेर, व्याही-विहिणी, पुढारी असे फोटो हवे असायचे. चाचा ते काढायचे, पण उरकल्यासारखे. त्यांचा जीव भलतीकडेच रमायचा. रिकाम्या झालेल्या खुर्च्या. आचाऱ्याने कढईवर टेकवलेला झारा. आमच्या आळीतल्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या आईचा पाठमोरा फोटो काढला होता. पाठवणीच्या वेळी सगळे मांडवाच्या दारात आणि ती एकटी आत, लेकीच्या उतरवून ठेवलेल्या बांगड्या रुमालात बांधते आहे. तोंड दिसतच नव्हतं. नवरीच्या बापाने अल्बम बघून चाचांना भर चौकात सुनावलं. "माझ्या बायकोला तोंड न्हाई का?" चाचांनी ऐकून घेतलं. काही वर्षांनी ती माउली गेली आणि त्या घरात भिंतीवर लावायला फोटो शोधू लागले, तेव्हा ढीगभर फोटोंतून तोच निवडला गेला. भिंतीवर हार घातलेला पाठमोरा फोटो मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. येणारा-जाणारा विचारायचा, पण घरातलं कुणी खुलासा करायच्या भानगडीत पडायचं नाही.

आमचा आणि चाचांचा संबंध आला तो बैलांमुळे.

आम्ही पटवेकरी. आप्पा, म्हणजे माझे वडील, बैलांचा साज बनवायचे. सुताचे आणि लोकरीचे गोंडे, गळ्यातले कंडे, तोंडावरच्या म्होरक्या, घुंगरमाळा, कपाळावरच्या मथाट्या, पाठीवरच्या झुली. बाजारपेठेत आमचं छोटं दुकान होतं आणि त्याच्या छताला हे सगळं इतकं दाटीवाटीनं टांगलेलं असायचं की आप्पा उभे राहिले की त्यांचं डोकं दिसायचं नाही, नुसतं धोतर दिसायचं. आमच्याकडे पोळा भादव्यात, त्याच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पण नव्वदीनंतर घरोघरी ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले तसा पोळाही आखडत गेला. मातीच्या बैलांची पूजा करून लोक मोकळे होऊ लागले. आई तोवर गेलेली होती. माझा भाऊ रांजणगावच्या कारखान्यात लागला. आप्पा म्हणायला लागले, की आता दुकान बंद करून जागा कुणाला तरी द्यावी. रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. ते एखाद्या पिकल्या पानानं गळून पडावं तितक्या शांतपणे म्हणायचे, आणि त्याचीच मला भीती वाटायची.

मी तेव्हा नुकतीच बीए झाले होते. वर्तमानपत्रात मला दिल्लीतल्या एका मोठ्या हस्तकला मेळ्याची जाहिरात दिसली. तिथे दुकान मांडायचं तर आधी अर्ज करायचा, सोबत वस्तूंचे रंगीत फोटो आणि मांडणीचा एक फोटो जोडायचा. एक निवड समिती नुसते फोटो बघून ठरवणार. फोटोत कारागिराचं नाव नको, चेहरा नको, म्हणजे कुणाची ओळखदेख चालणार नाही.

पहिल्या वर्षी मी समोरच्या नव्या स्टुडिओत गेले. त्या भल्या माणसाने लाल मखमल अंथरली, तिच्यावर आमचा कंडा ठेवला, बाजूला प्लॅस्टिकचे गुलाब ठेवले आणि फ्लॅश मारला. फोटो मला फार आवडले. मेळ्याकडून नकार आला. आप्पा म्हणाले, "बरं झालं. बैलाची वस्तू बैलापाशीच बरी."

दुसऱ्या वर्षी मी तेच फोटो घेऊन चाचांचा जिना चढले. मला त्यांचं मत हवं होतं. त्यांनी फोटो उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"बेटी, हे काय हाय?"

"कंडा आहे, चाचा. बैलाच्या गळ्यातला."

"मला वाटलं कुणी मेलंय." मग माझा उतरलेला चेहरा बघून घाईनं म्हणाले, "कंडा चांगला हाय गं. त्याला निजवलंय, म्हणून म्हटलं. वस्तू आणून दे सगळ्या. बघू."

मी सगळा साज एका गाठोड्यात बांधून नेऊन दिला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोटो होतील. दुसऱ्या दिवशी गेले तर "अजून न्हाई". पुढच्या आठवड्यात गेले तर "अजून न्हाई". आप्पा रोज विचारायचे, मी रोज काहीतरी सांगायची. शेवटी एका दुपारी मी थेट त्यांच्या घरीच गेले.

दार चाचींनी उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, बोलण्यात चाचांच्या बरोबर उलट, म्हणजे मनात आलं की तोंडात. मला बघताच म्हणाल्या, "आलीस का माझे आई! ये, बघ तुझ्या चाचांचं. आमच्या घरात आता बैल तेवढा यायचा राह्यलाय."

आत चाचा जेवायला बसले होते. सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, पुढ्यात भाकरी आणि वांग्याचं कालवण, आणि गळ्यात आमची घुंगरमाळ. घास घ्यायला मान खाली घातली की घुंगरं वाजत होती.

मला हसावं की रडावं कळेना.

"बस," चाचा म्हणाले. "ही माळ वाजती कवा ठावं हाय का तुला?"

"बैल चालला की."

"तसं न्हाई. मी रोज घालून बघतोय. मान वर केली की गप. मान खाली घातली की वाजती. म्हंजी खाताना वाजती, पाणी पेताना वाजती. जनावर सुखात असलं की वाजती." आणि त्यांनी पुन्हा घासासाठी मान खाली घातली.

"माणूस सुखात असला की बायको तरास काढती," चाची चुलीपाशी म्हणाल्या. "निजतानाबी काढीत न्हाईत. कूस बदलली की मी जागी!"

त्या घरात मला कळलं की फोटो का होत नव्हते. झूल त्यांनी खाटेवर टाकून पाहिली होती, भिंतीला लावून पाहिली होती, दोन खुर्च्यांवर पसरून पाहिली होती. "बसत न्हाई मनाला," ते म्हणाले. "झूल कापड न्हाई. तिच्याखाली पाठ पायजे. बैल पायजे."

"पण समितीला नुसती वस्तू हवी आहे, चाचा. मागे पांढरा पडदा."

"त्यांला बैल दाखवायचा न्हाई. मला पायजे."

माझे मामा तळेगाव ढमढेऱ्याचे. त्यांच्याकडे हरण्या नावाचा एक म्हातारा खिलार बैल होता. ट्रॅक्टर घेतल्यावर मामांनी त्याची जोडी मोडली नव्हती, एक मेला तेव्हा दुसरा तसाच ठेवला होता. बाजारच्या दिवशी मी आणि चाचा जीपमध्ये भाजीवाल्या बायकांच्या पाट्यांमध्ये बसून तळेगावला गेलो. मांडीवर कॅमेरा, आणि पडद्यासाठी आणलेली चाचींची पांढरी चादर. चाचींना चादर नेल्याचं माहीत नव्हतं.

मामांनी हरण्याला धुतला, साज चढवला. मागे चादर बांधली. चाचांनी चपला काढल्या आणि बैलासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता सूर्याकडे बघतील, फळीबिळी शोधतील. ते हरण्याच्या कपाळावर हात ठेवून त्याच्याशी बोलू लागले. हळू आवाजात, काय ते मला ऐकू आलं नाही. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "तुझे फोटोवाले बरे हायत ना गं?"

हरण्या मात्र खूश झाला. इतका की मान वळवून त्याने मागची चादर तोंडात धरली आणि आम्ही ओढेपर्यंत तिचा निम्मा काठ चघळून टाकला.

"खाऊ द्या, खाऊ द्या," चाचा म्हणाले. "मान खाली हाय त्याची." आणि घुंगरमाळेचा फोटो त्यांनी तेव्हा काढला.

झुलीचा फोटो काढायला मात्र दुपार कलली. चाचा अगदी जवळ गेले होते. खटका दाबायच्या आधी त्यांनी नेहमीसारखंच, पण बैलाला सांगितलं, "हां. आता इसर मला." आम्ही सगळे हसलो. हरण्याने एक दीर्घ उसासा सोडला. खटका दाबला गेला तो त्या उसाशावर.

रंगीत रोल धुवायला पुण्याला जायचा. फोटो आले तेव्हा चाचा स्वतः दुकानात घेऊन आले. आप्पा छतापासून लोंबणाऱ्या गोंड्यांतून वाट काढत पुढे आले आणि उजेडात फोटो बघू लागले. झुलीच्या फोटोत बैल नव्हता. शिंग नाही, शेपूट नाही, कान नाही. फोटोभर फक्त झूल, तिचे आरसे, तिची लाल-हिरवी वीण. पण ती वशिंडावर चढत होती, पाठीवर उतरत होती, आणि पोटाच्या बाजूला किंचित फुगली होती, आत कुणी श्वास घेत असल्यासारखी.

आप्पांनी त्या फुगवट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ऊब हाय."

त्या वाक्यावर चाचा जितके खूश झाले तितके मी त्यांना पुढे कधीही पाहिले नाही. घरी गेल्यावर मात्र चादरीवरून जे व्हायचं ते झालं. आम्हाला बाजारपेठेपर्यंत ऐकू येतंय असं वाटत होतं.

राहिला होता मांडणीचा फोटो. आम्ही आयुष्यात कधी प्रदर्शनात दुकान मांडलेलं नव्हतं. चाचा सकाळी दुकानात आले आणि छतावरचे गोंडे एकेक करून उतरवायला लागले. आप्पांना ते पसंत नव्हतं. "दुकान भरलेलं पायजे. रिकामं दुकान दाखवलं तर धंदा बसलाय म्हणतील."

"आप्पा, गर्दीत कुणाचंच तोंड दिसत न्हाई," चाचा म्हणाले. दोघांची थोडी ओढाताण झाली. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने परत टांगायचं. अखेर मोजकेच गोंडे राहिले आणि मध्ये आप्पांची बसायची चटई उघडी पडली. चाचा चटईकडे बघत राहिले.

"तुम्ही काम करता तसे बसा. अंगठ्याला दोरा लावा."

पटवेकऱ्याचा तिसरा हात म्हणजे पायाचा अंगठा. दोरा अंगठ्याला अडकवून ताणून धरायचा आणि दोन्ही हातांनी गुंफत जायचं. आप्पा बसले, दोरा लावला. चाचांनी कॅमेरा खाली, जवळजवळ जमिनीला टेकवला.

आप्पांना उशिरा कळलं. त्यांनी पाय ओढून घेतला.

"पायाचा फोटो काढता?"

"व्हय. नाव नको, तोंड नको म्हणलेत. पाय नको कुठं म्हणलेत?"

"चाचा, भेगा बघा माझ्या टाचांच्या. नखं बघा. जनावराच्या गळ्यातलं बनवतो म्हणून काय दिल्लीच्या लोकांपुढं माझे पाय ठेवायचे?" आप्पांचा आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "न्हाई जमायचं. नको मला तो मेळा."

ते उठून आतल्या खोलीत गेले. चाचा थोडा वेळ पायरीवर बसून राहिले, मग कॅमेरा उचलून निघून गेले. अर्जाची मुदत जवळ आली होती. मला वाटलं, झालं, संपलं. त्या रात्री आप्पा जेवताना म्हणाले, की दुकानाच्या जागेसाठी एक जण विचारत होता, त्याला हो म्हणून टाकावं.

सकाळी मी दुकानाच्या फळ्या काढत होते, तर चाचा दारात. "बेटी, पाणी ठेव. कोमट. आन् घमेलं दे एक."

मला वाटलं, हात-बित धुवायचे असतील. मी पाणी दिलं. आप्पा चटईवर दोरा घेऊन बसलेले होते, चाचांकडे बघत नव्हते. चाचा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, त्यांनी मनगटावरची बटणं सोडली आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"पाय आणा."

"हे काय चाचा! सोडा, सोडा पाय. वयानं मोठे तुम्ही. पाप लागंल मला."

"मला पुण्य लागंल. बरोबरी झाली. आणा."

आप्पांनी पाय सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण चाचांनी घोटा धरला होता. ते ओंजळीने पाणी घालू लागले. टाचेवरून, बोटांच्या मधून. घाई नव्हती. घासणं नव्हतं.

"आप्पा, मी नमाजाच्या आधी पाय धुतो," ते म्हणाले. "त्याच्यापुढं उभं ऱ्हायचं तर पाय धुवून उभं ऱ्हायचं. झाकून न्हाई. आन् दिल्लीवाल्यांची काय मिजास लागून गेली?"

आप्पा छताकडे बघत होते. तिथे आता फारसं काही टांगलेलं नव्हतं. आई गेल्यापासून आप्पांच्या अंगाला कुणाचा असा हात लागल्याचं मला आठवत नव्हतं. मी घमेलं उचलायला पुढे झाले, तर चाचांनी नजरेनंच थांबवलं आणि खांद्यावरच्या पंच्याने आप्पांचे दोन्ही पाय पुसून कोरडे केले.

मग आप्पांनी अंगठ्याला दोरा लावला. थोड्या वेळाने त्यांचे हात चालू लागले. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, शेजारचं दुकान उघडलं. आप्पा आपल्या कामात असे गेले की चाचांना त्यांचं ते नेहमीचं वाक्य म्हणायची गरजच पडली नाही.

आमची निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी धावत स्टुडिओत गेले. चाचांनी आनंदाने काही टाळी वगैरे दिली नाही. खिडकीची फळी अर्धी ओढून विचारलं, "कुठला फोटो त्यांनी जास्त येळ हातात धरला आसंल गं?" हा प्रश्न त्यांना पुढे कितीतरी दिवस छळत होता.

दिल्लीची गाडी दौंडहून होती. आम्हाला पोचवायला ते शिरूरहून एसटीने दौंडपर्यंत आले. आम्ही म्हटलं, तुम्हीपण चला, तर म्हणाले, "मी सगळं बघितलंय." कॅमेऱ्यातून बघितलं म्हणजे झालं, असा त्यांचा समज होता. गाडी यायला वेळ होता, म्हणून आम्हाला उस्तादाच्या स्टुडिओची जागा दाखवायला घेऊन गेले. तिथे आता मेडिकलचं दुकान होतं. त्यांनी बाहेर चपला काढल्या, क्षणभर उभे राहिले, पुन्हा घातल्या. आतल्या माणसाला वाटलं, गोळ्या हव्यात.

दिल्लीत आप्पांनी चटई टाकली आणि अंगठ्याला दोरा लावून बसले. माणसं गराडा घालून बघत. एके दिवशी निवड समितीतल्या एक बाई आल्या. आमचा माल बघून म्हणाल्या, "वह झूल वाली तसवीर आपकी थी? उसमें जो बैल था, वह कहाँ है?"

फोटोत बैल नव्हताच. आप्पांनी मान वर केली आणि अगदी सहज सांगितलं, "तळेगावला."

परत आल्यावर मी हे चाचांना सांगितलं. त्यांना एवढं हसू आलं की खुर्चीवर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी झुलीचाच धरला." त्यानंतर तो प्रश्न त्यांनी परत विचारला नाही.

दुकान आप्पांनी कुणाला दिलं नाही. वर्षाआड कुठे ना कुठे आमची निवड होत गेली. गावात हे पसरलं तशी आणखी माणसं चाचांकडे येऊ लागली. भांडगावहून एक टोपल्या विणणारी बाई यायची. तिच्या टोपलीत चाचांनी आठवडाभर घरच्या भाकरी ठेवल्या आणि मगच फोटो काढला. चाचींनी तोवर अशा गोष्टींवर बोलणं सोडून दिलं होतं.

दोन हजारनंतर संगणक आला. समोरच्या स्टुडिओत माणसाच्या मागे ताजमहाल लावून मिळू लागला, गाल गोरे करून मिळू लागले. चाचांचा जिना ओस पडला. त्यांना त्याचं दुःख झालं असावं, पण बोलून दाखवायचे ते भलतंच. "आता क्लार्कला भेटून आलं तरी चालतं. तोंड पुसून देतात."

माझं लग्न होऊन मी दौंडला गेले होते, तरी आप्पांबरोबरचं काम सोडलं नव्हतं. फोटो मी आता छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने स्वतः काढायला शिकले होते. पण पाठवण्याआधी ते चाचांना दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. मधल्या काळात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी खाटेवर त्यांच्यासमोर फोटो मांडायची. नापसंत असलेला फोटो ते डाव्या हाताने बाजूला सारायचे. जे उरायचे ते मी पाठवायची.

ते गेले, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी गोंड्यांचं एक नवीन तोरण केलं होतं, दाराला लावायचं. बैल उरले नव्हते, पण दारं होती. त्यात मी एक वेगळी गुंफण घातली होती, आणि आप्पांनी ती बघून "हे तुझं हाय" एवढंच म्हटलं होतं. एका मोठ्या मेळ्यासाठी त्याचे फोटो पाठवायचे होते. कुरियरमध्ये टाकायची त्या दिवशी शेवटची तारीख होती. मी सकाळच्या गाडीने शिरूरला आले, फोटो चाचांना दाखवायचे, आणि दुपारी कुरियरने रवाना करायचे, असा बेत.

चाचांनी पहिला फोटो बाजूला सारला. दुसरा सारला. असे करत सगळेच सारले. मग पिशवीकडे बोट केलं. मी तोरण काढून त्यांच्यासमोर धरलं. ते खुणेने सांगू लागले, जवळ आण, आणखी जवळ. मी ते त्यांच्या छातीवर ठेवलं. मला वाटलं, बघतील आणि सांगतील, कसा घे. खिडकीतून उजेड चांगला येत होता, कॅमेरा माझ्याजवळ होता, अजून वेळ होता.

त्यांनी डाव्या हाताची बोटं गोंड्यांत घातली आणि एकेक दोरा चाचपू लागले. गाठीवरून पुढच्या गाठीवर. चाचपता चाचपता बोटं मंद झाली. डोळे मिटले. थोड्या वेळाने घोरणं ऐकू आलं.

मी तोरण सोडवायला हळूच हात घातला, तर बोटांभोवती दोरे गुंडाळलेले. ओढलं असतं तर जाग आली असती.

चाची दारात उभ्या होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं जरा. किती दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या. मलाबी वाटलं नव्हतं आता कवा झोपतील म्हणून."

मी खाटेशेजारी बसले. चाचींनी चहा दिला. दुपारची अजान झाली. उजेड खिडकीतून भिंतीवर गेला, भिंतीवरून कोनाड्यात. कुरियरचं दुकान कधी बंद होतं ते मला माहीत होतं. चाचींनाही माझी पिशवी आणि कॅमेरा दिसत होता. त्यांनी पुन्हा चहा ठेवला. चाचा लहान मुलासारखे तोंड किंचित उघडं ठेवून झोपले होते. त्यांच्या श्वासाबरोबर छातीवरचे गोंडे हलत होते.

संध्याकाळी मी तशीच उठले आणि दुकानात आले. आप्पा कामात होते.

"पाठवलं?"

"नाही आप्पा."

"का गं?"

"तोरण चाचांच्या हातात होतं. त्यांना झोप लागली."

आप्पांनी अंगठ्याचा दोरा सैल सोडला. माझ्याकडे बघितलं.

"लागली ना झोप?" ते म्हणाले. "मग झालं."